आधी मदरबोर्डचं बघा, ग्राफिक्स कार्डाची घाई नको

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत असेन तर तुमच्या लगेच लक्षात येईल. २०१४ च्या सुमारास असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. आय५-४५९० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. विंडोज १० एका छोट्या एसएसडीवर आहे. फोनवर काढलेले व्हिडिओ तुम्ही एडिट करता आणि टाइमलाइनवर ते अडखळत चालतात. अधूनमधून गेम खेळता, तिथेही झटके बसतात. सगळं एकदम घेणं जमणार नाही, म्हणून तुम्ही विचारलंय की आत्ता ग्राफिक्स कार्ड घातलं आणि प्रोसेसर-मदरबोर्डचं वर्षभराने बघितलं, तर चालेल का.

बरेच जण "चालेल" म्हणतील आणि ते अगदीच चूक नाही. जुन्या मशीनमधून उचलून नव्यात सहज बसवता येतो असा मोठा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आज घेतलं तरी वर्षभराने वाया जात नाही. तरीही तुमच्या बाबतीत मी क्रम उलटा धरेन. त्याचं कारण तुमच्या मदरबोर्डात आणि तुमच्या व्हिडिओंत आहे.

तुम्ही तीन भागांची नावं घेतलीत, पण खरेदी तीन नाहीत, दोन आहेत. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ही एकच खरेदी. तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए ११५० प्रकारची. त्यात आजचा कुठलाही प्रोसेसर बसत नाही. प्रोसेसर नवा घेतला की बोर्ड नवा आलाच. बोर्ड नवा आला की जुनी रॅम बाद, कारण डीडीआर३ च्या काडीला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८. खाचसुद्धा वेगळ्या जागी, म्हणजे जोर लावूनही बसणार नाही. (जोर लावलेले लोक मी पाहिलेत.) ग्राफिक्स कार्ड ही दुसरी, वेगळी खरेदी. आणि या दोन्हींच्या मध्ये कुणाच्या यादीत नसलेला एसएमपीएस बसलेला असतो. त्याच्याकडे नंतर येतो.

खरेदीआधी एक संध्याकाळ मोजण्यात घालवा. कुठलाही गेम नेहमीच्या सेटिंगवर चालवून फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, बघा. मग रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा आणि त्याच जागी पुन्हा बघा. आकडा चांगला वाढला, तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. जवळपास तेवढाच राहिला, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय, आणि नवं कार्ड आणलंत तरी तेही तसंच बसून राहील. सरासरी आकड्यावर मात्र फार विसंबू नका. तुम्ही म्हणता ते झटके सरासरीत दिसत नाहीत. मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वात हळू एक टक्का फ्रेमचा वेगळा आकडा मिळतो, तो बघा. चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) असलेल्या प्रोसेसरवर नव्या गेममध्ये सरासरी पन्नास आणि हा आकडा पंधरा, असं चित्र मी कितीतरी वेळा पाहिलंय. खेळणाऱ्याला ते पन्नास जाणवत नाहीत, पंधराच जाणवतात.

टास्क मॅनेजरमध्ये रॅमही बघा. एडिटिंग करताना ब्राउझर उघडा असेल तर ८ जीबी भरून वाहत असणार. रॅम संपली की विंडोज डिस्कवर लिहायला लागतं, आणि मग मशीन इतकं गचके खातं की माणूस दोष प्रोसेसरला देतो. अशा मशीनमध्ये नुसती जुनी रॅम वाढवून मी लोकांना दोन-दोन वर्षं काढून दिलीत. तुमच्या एच८१ बोर्डाला रॅमच्या दोनच जागा आणि कमाल १६ जीबी. ओळखीच्या कुणाकडे ८ जीबीच्या दोन डीडीआर३ काड्या पडून असतील तर लावून बघा. पैसे देऊन मात्र आता घेऊ नका.

आता व्हिडिओचं, कारण माझ्या मते तुमचं मूळ दुखणं तिथे आहे. बरेच नवे फोन व्हिडिओ एचईव्हीसी या प्रकारात साठवतात, त्याला एच.२६५ असंही म्हणतात. फाइल लहान होते, पण उलगडायला जड. हे उलगडण्याचं काम करणारी वेगळी सर्किट नव्या चिपमध्ये असतात. ती असली की प्रोसेसरवर भार जवळजवळ पडत नाही. तुमच्या आय५-४५९० मधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एचईव्हीसीसाठी ती नाहीत. ७५० टीआयमध्येही पूर्ण स्वरूपात नाहीत. त्याच्यानंतर साधारण वर्षभराने आलेल्या जीटीएक्स ९६० मध्ये ती आली. इंटेलकडे दहा बिट (म्हणजे रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी नीट उलगडणारी सर्किट सातव्या पिढीत, म्हणजे डेस्कटॉपसाठी २०१७ च्या सुरुवातीला आली. थोडक्यात, तुमच्याकडे ते काम चार कोअर हाताने करतात. एक क्लिप कशीबशी चालते, दोन एकावर एक ठेवल्या की कोलमडतं.

खात्री करायची असेल तर एक क्लिप एच.२६४ मध्ये, म्हणजे उलगडायला हलक्या अशा जुन्या प्रकारात, १०८० रिझोल्यूशनला रूपांतरित करा आणि तीच टाइमलाइनवर टाका. सुरळीत चालली तर निदान पक्कं झालं. तोवरचा फुकटचा उपाय म्हणजे फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ निवडणं. काही फोनमध्ये त्याला 'सर्वाधिक सुसंगत' असं नाव असतं. जुन्या क्लिपांसाठी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी तयार करा. प्रॉक्सी म्हणजे कामापुरती हलकी प्रत, शेवटी निर्यात मूळ फाइलवरूनच होते. या दोन गोष्टींनी तुमचं निम्मं गाऱ्हाणं आजच मिटलं, तर बाकी खरेदी निवांत करता येईल. घाईत घेतलेला भाग हमखास चुकतो.

आता प्रामाणिकपणे एक मान्य करतो. नवं ग्राफिक्स कार्ड घेतलंत तरी एचईव्हीसीचा प्रश्न सुटेल, कारण त्यातही ती सर्किट असतात. मग कार्डच आधी का नको?

पहिलं कारण तुमचा स्लॉट. एच८१ बोर्डावर ग्राफिक्स कार्डाची जागा पीसीआय एक्सप्रेस २.० ची आहे. पीसीआय एक्सप्रेस म्हणजे कार्ड आणि बाकी मशीन यांच्यातला रस्ता, आणि लेन म्हणजे त्याच्या मार्गिका. त्याच काळातल्या बी८५ किंवा झेड८७ बोर्डांवर ती ३.० ची असते, एच८१ वर नाही. एका लेनमधून सेकंदाला २.० मध्ये साधारण अर्धा जीबी जातो, ३.० मध्ये एक, ४.० मध्ये दोन. जुनी कार्डं सोळा लेन वापरायची. आजची बरीच मध्यम कार्डं आठच वापरतात, उदाहरणार्थ आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०. आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार. ४.० च्या बोर्डावर आठ लेनमधून सोळा जीबी जाऊ शकतात, तुमच्या बोर्डावर चार; आणि ६५०० एक्सटीला तुमच्याकडे मिळतील फक्त दोन. कार्डावरची मेमरी पुरते तोवर हे फारसं जाणवत नाही. ती भरली की सगळी ये-जा याच अरुंद रस्त्याने होते आणि तुम्ही ज्या झटक्यांना कंटाळलात तेच परत येतात. इंटेलच्या आर्क कार्डांना तर रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात चालू असावी लागते, नाहीतर ती खूपच मागे पडतात. तुमच्या काळच्या बोर्डांत ती मुळात आलीच नव्हती.

दुसरं कारण विंडोज. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करून घरगुती वापरासाठी मिळणारी वाढीव सुरक्षा अद्यतनंही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. पळवाटा काढून चौथ्या पिढीवर ते चढवता येतं, मीही चढवलंय, पण ज्या मशीनवर कुणाचं रोजचं काम चालतं त्यावर चढवणार नाही. म्हणजे ग्राफिक्स कार्ड कितीही भारी घेतलंत तरी ते एका मुदत संपलेल्या पायावर बसणार.

तिसरं कारण, एनव्हिडियाने ७५० टीआय ज्या पिढीतलं आहे त्या मॅक्सवेलसाठी नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलेत. फक्त सुरक्षेची अद्यतनं ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. हे तुम्हाला नवं कार्ड घ्यायला लावणारं कारण वाटेल. माझ्या दृष्टीने उलट आहे: ते कार्ड अजून काही काळ पडद्यावर चित्र दाखवायला सुरक्षितपणे वापरता येईल, तेवढंच आपल्याला पहिल्या टप्प्यात हवंय.

माझा सल्ला कुठे बदलेल तेही सांगतो. तुम्ही मुख्यतः गेमच खेळत असता, कार्डाचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के दिसत असता, बोर्ड ३.० चा असता आणि एसएमपीएस भरवशाचा असता, तर मी म्हटलं असतं की खुशाल कार्ड आधी घ्या. तुमच्या प्रश्नात यातलं एकही नाही.

कुणीतरी तुम्हाला वापरलेला आय७-४७९० सुचवेलच. तो तुमच्याच बोर्डात बसतो, कदाचित आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागेल. आठ थ्रेड मिळतात आणि गेममधले झटके खरंच कमी होतात. पण एचईव्हीसी तिथेच, विंडोज ११ तिथेच, २.० चा स्लॉट तिथेच. जवळपास फुकटात मिळाला तर घ्या, नाहीतर तो पैसा नव्या रॅमकडे वळवा.

आता पहिली खरेदी. तुमच्या कामासाठी सहा कोअर, बारा थ्रेड ही माझी किमान रेषा. तीन वाटा आहेत. एएमडीचं एएम४ हे डीडीआर४ वर चालणारं जुनं, मुरलेलं सॉकेट. एएमडीचे पहिले रायझन प्रोसेसर त्यावर २०१७ ला आले आणि आता नव्या पिढ्या येणार नाहीत. इंटेलचं एलजीए १७०० म्हणजे बारावी ते चौदावी पिढी. तेही बंद झालंय, कारण पुढची पिढी ऑक्टोबर २०२४ पासून एलजीए १८५१ वर गेली. त्यात डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, मात्र एका बोर्डावर एकच चालते, त्यामुळे बोर्डाचं पूर्ण नाव नीट वाचा. तिसरं एएमडीचं एएम५: २०२२ ला आलं, फक्त डीडीआर५, आणि कंपनीने २०२७ पर्यंत तरी त्याला आधार देण्याचं जाहीर केलंय.

"पुढे प्रोसेसर बदलता येईल" या आश्वासनाला लोक फार भाव देतात. तुमचंच बघा: दहा-अकरा वर्षांत तुम्ही त्या ११५० सॉकेटमधला प्रोसेसर एकदाही बदलला नाहीत. पाच वर्षांत नक्की बदलणारे असाल तर एएम५ घ्या, नाहीतर बंद झालेलं सॉकेट घेण्यात काही कमीपणा नाही. आज काय मिळतंय ते बघा.

तुम्हाला मी आय५-१२४०० सुचवेन, नावापुढे 'एफ' नसलेला. 'एफ' म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. गेम खेळणाऱ्यांना मी डोळे झाकून 'एफ' घ्यायला सांगतो, पण तुमच्यासाठी ते अंगभूत ग्राफिक्सच मोलाचं आहे. एचईव्हीसी उलगडण्याची सर्किट त्यात आहेत, आणि बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर ती वापरतात, जरी सगळी सारख्या प्रमाणात नाही. म्हणजे ग्राफिक्स कार्ड नवं न घेताही तुमची टाइमलाइन सुटते. बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवायला विसरू नका. वेगळं कार्ड लावलेलं असलं की काही बोर्ड ते आपणहून बंद करतात. एएम५ कडे जायचं असेल तर रायझन ५ ७६०० मध्येही छोटं अंगभूत ग्राफिक्स आहे. एएम४ वरच्या रायझन ५ ५६०० मध्ये ते नाही, ५६००जी मध्ये आहे, पण ५६००जी ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच थांबतो.

रॅम १६ जीबी तरी, जमलं तर ३२, आणि दोन काड्यांत. एकच मोठी काडी लावली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो, आणि त्याचा फटका अंगभूत ग्राफिक्सला सगळ्यात जास्त बसतो.

एसएमपीएसबद्दल माझं मत जरा कडवट आहे, कारण त्यापायी मी हात पोळून घेतलेत. पेटीवरचा ४५० हा आकडा विसरा. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर २१६ वॅटच मिळतात, आणि आजचा प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. आय५-१२४०० जोरात ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० ला ११५ लागतात, आरएक्स ६६०० ला १३२. बेरीज तुम्हीच करा. शिवाय दहा वर्षांत आतले कपॅसिटर थकलेले असतात. नव्या बोर्डाला प्रोसेसरसाठी आठ पिनांची वायर लागते, जुन्या एसएमपीएसला बहुधा चारचीच असते. तेव्हा पहिल्याच खरेदीत एक चांगला ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस धरा. तो पुढच्या कार्डालाही पुरेल.

आणि सुट्या वायरींचा मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसतात, बसतातही, पण एसएमपीएसच्या बाजूला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. एकदा वायर ओढून काढायचा कंटाळा केला म्हणून मी डिस्कला वीज देणारी जुनीच साटा वायर ठेवली आणि एका गिऱ्हाइकाची हार्ड डिस्क बटण दाबताक्षणी गेली. त्यात त्याच्या घरच्या लग्नाचे फोटो होते. नशीब, दुसरी प्रत होती.

तर क्रम असा धरतोय: आज फोनची सेटिंग आणि प्रॉक्सी, मग प्रोसेसर-बोर्ड-रॅम आणि एसएमपीएस एकत्र, आणि पुढच्या वर्षी कार्ड. तोवर ७५० टीआय लावून ठेवा किंवा काढून टाका. साध्या गेमसाठी ते १२४०० च्या अंगभूत ग्राफिक्सपेक्षा अजूनही सरस आहे, म्हणून मी ठेवेन.

कार्डाबद्दल आत्ता फार सांगत नाही, वर्षभरात बाजार बदललेला असेल. ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचं घेऊ नका. एडिटिंगमध्ये ४के आणि इफेक्ट वाढले तर १२ जीबी कामी येतील. तुमचा मॉनिटर १०८० चा आणि ६० हर्ट्झचा असेल तर वरच्या कार्डांची शक्ती वाया जाईल. आणि पट्टी घेऊन कॅबिनेटमधली जागा मोजा. ७५० टीआय इतकं लहान असतं की नवं कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर आपटतं तेव्हा लोकांना धक्का बसतो.

मशीन उघडण्याच्या आदल्या दिवशी विंडोजमध्ये काही गोष्टी उरकून घ्या. डिस्कवर बिटलॉकर किंवा एन्क्रिप्शन (माहितीला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा किंवा ते बंद करा. बोर्ड बदलला की टीपीएम बदलतं आणि डिस्क की मागते. ती नसेल तर माहिती गेलीच समजा. विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं, ओईएम, म्हणजे मशीनबरोबर आलेलं, जुन्या बोर्डाबरोबरच संपतं. नव्या बोर्डावर जुनं विंडोज तसंच सुरू होण्याची शक्यता असते, पण तुमचं बहुधा जुन्या बायोस पद्धतीने टाकलेलं आहे आणि विंडोज ११ ला यूईएफआय ही नवी पद्धत लागते. फाइली बाहेर काढा आणि स्वच्छ नवीन टाका. मी स्वतःच्या मशीनवरही हेच करतो.

जोडणीत लोक एकाच जागी अडकतात. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळी टेकू असतात; नव्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथला टेकू काढून टाका, नाहीतर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. जुना कूलर एलजीए १७०० वर बसणार नाही, भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालंय. प्रोसेसरच्या खोक्यात कूलर मिळतो, तो पुरेसा आहे. इंटेलच्या सॉकेटमधल्या पिनांना बोट लावू नका. झाकणावरची प्लास्टिकची टोपी जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी ती मागतात.

सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबलंत आणि पडदा काळाच राहिला, तर लगेच वायरी उपटू नका. आधी मॉनिटरची वायर बघा: ७५० टीआय लावलेलं असताना ती बोर्डाला लावली असेल, तर चित्र न येणं स्वाभाविक आहे. डीडीआर५ चा बोर्ड घेतला असेल तर पहिल्या वेळी तो रॅमची तालीम करतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. पंखे फिरत असतील तर चहा टाका. परत आल्यावरही काळंच असेल, तर एकच रॅमची काडी ठेवून बघा, आणि मग बोर्डावरच्या छोट्या दिव्यांपैकी कुठला पेटलाय ते मला कळवा.